हॅनोव्हरमध्ये पडलेला वारा

आधीच माफी मागतो. इथे लिहिणारी मंडळी सराईत आहेत, आणि आमच्या घरात परीक्षेच्या पेपरापलीकडे चार ओळी लिहिणारा मीच पहिला. चुकलंमाकलं सांभाळून घ्या. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. पण हवामानशास्त्राचा विद्यार्थी म्हणून हे कोडं सोडवायचा प्रयत्न केला... जमलं नाही. म्हणून लिहितोय.

२००६-०७च्या सुमाराची गोष्ट. मी हॅनोव्हरला मास्टर्स करत होतो. थीसिसचा विषय लडाख, म्हणजे उंचावरचं वाळवंट. तिथे पाऊस जवळजवळ नाहीच. पण पावसाळ्यात कधीतरी मान्सूनचं बाष्प हिमालय ओलांडून आत शिरतं, दुपारी उघडे डोंगर तापतात आणि एखाद्याच दरीवर ढग उभा राहतो. शेजारची दरी कोरडी ठणठणीत. असं वादळ आधी कसं ओळखायचं, हे माझं काम. विषय निवडला तो मोठ्या भावामुळे. दादा तिथे रस्त्याच्या कामावर डोझर चालवायचा, आणि त्यांचे तंबू एका कोरड्या नाल्यात. का, तर सपाट जागा तेवढीच! फोनवर सांगून सांगून मी दमलो होतो.

"दादा, तंबू वर न्या रे."

"अन् काय डोंगराला लटकू? तू ढग बघ तिकडनं. आला की फोन कर, मी पळतो." आणि हसायचा.

त्या दिवशी जुलैची दुपार होती. लॅबमध्ये मी आणि शेजारच्या टेबलावर उटे, पीएचडी करणारी जर्मन मुलगी. मॉडेलमध्ये दादाची दरी कोरडी दिसत होती. उपग्रहाच्या शेवटच्या चित्रातही आकाश स्वच्छ. खिडक्या उघड्या होत्या, बाहेर झाडं सळसळत होती. उटेचे कागद उडायला लागले म्हणून तिने त्यावर कॉफीचा मग ठेवला होता.

आणि एकदम... माझ्याभोवतीची हवा थांबली. कसं सांगू? आमच्या माणदेशात खळ्यावर बाजरी उपणताना वारा अचानक बंद होतो, भुसकट सरळ पायाशी पडायला लागतं, कानात दडे बसल्यासारखं होतं. अगदी तसं. समोर उटेचे कागद फडफडत होते आणि माझ्या टेबलावरचं एकही पान हलत नव्हतं. मी हात तिच्या बाजूला नेला, वारा लागला. मागे घेतला, काहीच नाही.

"डेअर विंट इस्ट गेफालन," मी म्हणालो. 'वारा पडला' हे आपलं मराठी, जसंच्या तसं जर्मनमध्ये.

उटे हसली. "पडला? कुठे पडला? उचलून ठेव." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाली, "अरे... काय होतंय तुला? पाणी देऊ?"

त्या दऱ्यांमध्ये दुपारी वारा खालून वर वाहतो. तो मध्येच पडला तर डोक्यावर काहीतरी उभं राहतंय, हे मला पाठ होतं. पण हा पडला होता हॅनोव्हरमध्ये!

तरी मी कॉलिंग कार्ड काढलं आणि कॅम्पवरचा सॅटेलाइट फोन लावला. रिंग नाही, एंगेज टोन नाही, नुसती शांतता. रिसीव्हर कानाला लावून उभा राहिलो. तोंडातून शब्द फुटेना. 'वारा पडला, वर चढा' एवढंच डोक्यात फिरत होतं. ठेवला, पुन्हा लावला, पुन्हा तेच. काही वेळाने माझे कागदही उडायला लागले, जणू काही झालंच नव्हतं.

संध्याकाळी उपग्रहाचं नवं चित्र आलं. दादाच्या दरीवर पांढराशुभ्र ढग.

दुसऱ्या दिवशी लेहहून स्टॅन्झिनचा फोन आला. हा लडाखी माणूस कॅम्पवरचा फोन सांभाळायचा.

"भैया, नाला आ गया. तंबू, मशीन, सब गया. आदमी लोग ऊपर थे, आपका फोन आया इसलिए."

"मेरा फोन लगा ही नहीं."

"कैसे नहीं? मैंने उठाया. आपने बोला, हवा गिर गया, ऊपर चढ़ो. सब हँसे, हवा कैसे गिरेगा? आपका भाई नहीं हँसा. सबको ऊपर भगाया."

हिंदीत हवा गिरत नाही हो. वारा पडतो तो मराठीत. अशी हिंदी बोलेल तर आमच्यासारखाच कुणीतरी.

"दादा किधर है?"

"रसोइया बुखार में सोया था. उसको लाने नीचे गया... अभी मिला नहीं."

उटेला मी विचारलं, फोनवर मी काही बोललो होतो का? "नाइन. एक शब्द नाही. मी तुझ्याकडेच बघत होते." माझा रूममेट सुमेध, पुण्याचा इंजिनियर, म्हणाला, "अरे, लाइन एकतर्फी लागली असेल. शॉकमध्ये बोललास आणि विसरलास." असेलही. मग उटेने का ऐकलं नाही? आणि मी फोन उचलला तेव्हा दरीवर ढगच नव्हता, ते चित्र मी कितीदा तपासलं. गाइडना सांगायची हिंमत झाली नाही.

पण तेव्हा उत्तर कुणाला हवं होतं? जो आवाज दादाला वर घेऊन गेला, त्याने त्याला परत खाली का जाऊ दिलं, एवढंच मनात यायचं. जेवण जात नव्हतं. फोनपासून हलवत नव्हतं.

मग एका सकाळी वोनहाइमच्या, म्हणजे आमच्या होस्टेलच्या, कॉरिडॉरमधला फोन वाजला. गावाहून वहिनी. मागे आईचा मोठ्याने रडण्याचा आवाज येत होता. माझा धीरच सुटला.

"भावोजी, ऐकताय न्हवं? सापडलं हो! त्या सैपाक्यासकट. नाल्याच्या पल्याड कड्यावर बसलं हुतं दोघं. ह्यांचा पाय मोडलाय, मिल्ट्रीच्या दवाखान्यात हायती."

"दादा बोलला का?"

"बोललं का म्हंजी? डाक्टरला मराठीत शिव्या घालत्यात म्हणं!"