मास्तरांचा खिळा

वहिनीनं दुकान भाड्यानं घेतलं त्या दिवशी पहिलं काम काय केलं असेल, तर भिंतीत दोन खिळे ठोकले. एक स्वतःच्या कात्रीसाठी, दुसरा मास्तरांच्या. मास्तरांचा चांगला वीतभर वर, त्यासाठी ती स्टुलावर चढली. मी म्हटलं, "अगं, अजून पंखा नाही, मशिनं पोत्यात बांधलेली, आणि तुला खिळ्यांचं काय पडलंय?" तिच्या तोंडात खिळा होता, त्यामुळे उत्तर मिळालं नाही.

तशीही ती कमी बोलते. माझ्या थोरल्या भावाची बायको आहे. बावीस वर्षं एका वर्कशॉपमध्ये, खिडकीपासून तिसऱ्या मशीनवर शिवत बसली. तोंडात टाचण्या असतात म्हणून ती बोलत नाही, की बोलायला नको म्हणून टाचण्या धरते, हे मला अजून उमगलेलं नाही. मी तिची नणंद, काज-बटणं करते, आणि माझ्या तोंडात टाचणी काय, तीळसुद्धा भिजत नाही.

खिळ्यांचं कारण मला नंतर कळलं. कापणारा माणूस आपली कात्री दुसऱ्याला देत नाही, ती त्याच्या हाताला बसलेली असते. जिथे ती टांगलेली असेल तिथे त्याची नोकरी. आणि सोडून जायचं ठरलं, की माणूस आधी भिंतीवरची कात्री काढतो, मग मालकाशी बोलतो.

मास्तर त्याच वर्कशॉपमध्ये कापायला होते. हे दुकानाचं खूळ मुळात त्यांचंच. जेवणाच्या सुट्टीत वहिनीला रोज म्हणायचे, "ताई, तुमची शिलाई, माझं कापणं. मग कुणाच्या बापाची ताबेदारी करायची? स्वतःचं काढू." वर्षभर ऐकून ऐकून वहिनीनं ते खरं मानलं. तिनं राजीनामा दिला, गाठीला होतं ते सगळं दुकानात घातलं. तिच्या जागी मालकानं आठवड्याच्या आत दुसरी बसवली, म्हणजे परतीचा रस्ता बंद.

मास्तर म्हणाले, "तुम्ही पुढे व्हा, मी महिनाअखेरीस आलोच."

तीन महिनाअखेरी गेल्या. मास्तर संध्याकाळी दोन तास यायचे, वहिनीच्याच कात्रीनं कापायचे, कारण त्यांची "धारेला दिलीय" म्हणे. चहा पिता पिता आणखी दोन शाखा काढायचे. बोलाचीच कढी नि बोलाचाच भात! मी म्हणायची, "मास्तर, निदान मापं तरी कागदावर उतरवून ठेवा." त्यावर कपाळावर बोट आपटून म्हणायचे, "सगळं इथे आहे." मी त्यांचं नाव उद्यामास्तर ठेवलं. वहिनी डोळे वटारायची. आणि तो वरचा खिळा रिकामाच. मी त्याला माझी पिशवी अडकवायला लागले तर वहिनीनं ती मुकाट्यानं काढून दाराला लावली.

अशात हॉस्पिटलचं काम आलं. नव्या विभागासाठी पांढरे कोट, चोवीस नग, सगळे एका मापाचे. आधी हे काम जुन्या वर्कशॉपकडे होतं. मास्तरांनी कापून वहिनीनं शिवलेला नमुना हॉस्पिटलच्या स्टोअरमधल्या मॅडमना पसंत पडला, त्यांनी कॉलरच्या आत शिक्का मारला आणि स्पष्ट सांगितलं, "गुरुवारी सकाळी दहाला विभाग सुरू. वेळेवर दिलेत तर वर्षाचं काम तुमचं. नाहीतर जुन्यांकडे परत."

कापडाचा तागा शुक्रवारी आला. मास्तर शनिवारी कापणार होते. शनिवारी त्यांच्याकडे पाहुणे. रविवारी डोकं दुखलं. सोमवारी फोनच उचलेनात. दहा वाजता मॅडमचा फोन आला, "काम कुठवर आलं?"

"चाललंय, मॅडम," वहिनी म्हणाली.

काय चाललं होतं? तागा जसाच्या तसा टेबलावर होता, त्यावरचा कागदसुद्धा फाडलेला नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा वहिनी खोटं बोलली. ते ऐकून माझं डोकं फिरलं. चपला घातल्या आणि तडक जुनं वर्कशॉप गाठलं.

दारातूनच दिसलं. मास्तर लांब टेबलावर वाकलेले, कानामागे खडू. आणि हातात त्यांची ती काळ्या मुठीची कात्री, मुठीला लाल चिंधी गुंडाळलेली. धारेला दिलेली! पाठीमागे भिंतीवर तिचा खिळा.

मालकानं मला ओळखलं. "काय ताई, वहिनी दमल्या वाटतं? त्यांना म्हणावं, मशीन आता रिकामं नाही. काज-बटणाला बघू हवं तर."

"काज-बटणाला मी आहे," मी म्हटलं. "आणि मी काही रिकामी नाही." एवढंच सुचलं. खरं तर तिथेच टेबल उलथावं असं वाटत होतं.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, पुन्हा कापडाकडे पाहिलं. हळूच म्हणाले, "संध्याकाळी येतो म्हणून सांगा."

"सांगते की! कुठल्या सालच्या संध्याकाळी, तेवढं सांगा."

परत आले, सगळं ओकले. वहिनीनं शेवटपर्यंत ऐकलं आणि एकच विचारलं, "कात्री खिळ्याला होती?"

"हातात होती. पण खिळा तिथेच होता."

ती स्टुलावर बसली. "मला दिसत होतं गं," ती म्हणाली. "तीन महिने दिसत होतं. आपलं चाललं तर इकडे, बुडालं तर तिकडे. दोन्ही डगरींवर हात ठेवून बसलेत ते. मी मूर्ख, मला वाटलं येतील." मला वाटत होतं तिनं चार शिव्या हासडाव्यात. पण तिला शिव्या येतच नाहीत, त्या खात्याचं काम माझ्याकडे आहे.

मग ती उठली. हँगरवरचा नमुन्याचा कोट तिनं काढला, टेबलावर पसरला आणि उसवायचं ब्लेड हातात घेतलं.

मी झडप घालून तिचं मनगट धरलं. "वेड लागलंय का? शिक्का आहे त्याच्यावर! तोही गेला तर दाखवायचं काय?"

"शिक्का कॉलरला आहे. कॉलर अख्खी ठेवते. बाकी उसवून कागदावर उतरवायचं. मापं त्यांच्या डोक्यात असली तर असू देत, या कोटातही आहेतच ना?"

"आणि बिघडलं तर?"

"शिवलाय मी," वहिनी म्हणाली. "उसवायला मलाच भीती वाटून कसं चालेल? सोड हात."

सोडला. खांदा उसवला, कुशी उसवली. एकेक तुकडा इस्त्री करून ती खाकी कागदावर ठेवत होती आणि मी कडेनं पेन्सिल फिरवत होते. माझ्या तळहाताला घाम सुटला होता, कागद चिकटत होता. ती बाहीला आली आणि थांबली. टेपनं बाहीची गोलाई मोजली, मग खांद्याचा मुंढा मोजला, जिथे ती बाही बसते. पुन्हा मोजलं. आणि हसली. ते हसणं मला आवडलं नाही.

"काय झालं?"

"बाही मुंढ्यापेक्षा थोडी मोठी लागते, बरोबर आहे. पण ही बघ, चांगली दोन बोटं जास्त आहे. मास्तरांची बाही नेहमी अशीच यायची. आणि मी ती दाबून दाबून, चुण्या जिरवून बसवायची. बावीस वर्षं! मला वाटायचं, माझाच हात कमी पडतोय."

मग पेन्सिल घेऊन तिनं बाहीच्या कागदावर आतल्या बाजूनं दुसरी रेघ मारली.

मास्तर बारा-बारा थर एकदम कापायचे. वहिनीनं कधी एका ब्लाउजपलीकडे कापलं नव्हतं. तिनं चारच थर घातले, कडा जुळवल्या, वजनं ठेवली, खडूनं आखलं आणि कात्री कापडाच्या काठाला लावली. लावली आणि तशीच राहिली. कापड हॉस्पिटलचं होतं, एक चूक म्हणजे चार कोटांची चूक, आणि बाजारात जाऊन तसला तागा आणायला दिवस उरले नव्हते.

"वहिनी?"

"गप्प बस गं जरा."

आणि कात्री चालली.

सहा वेळा असं केलं. सोमवारचा दिवस कापण्यात गेला. मंगळवारी सकाळी तिनं आधी नमुन्याचा कोट होता तसा शिवून हँगरला लावला, मगच नवे घेतले. पहिल्या कोटाची बाही मशीनखालून सरळ निघाली, एक चुणी नाही, दाबणं नाही. वहिनीनं तो कोट अंगात घालून दोन्ही हात वर केले. मी मात्र रडले, त्यात काय लपवायचं!

बुधवारी चारच्या सुमाराला मास्तर आले. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. ते त्यांनी टेबलावर ठेवून उलगडलं. काळी मूठ, लाल चिंधी.

"सोडलं मी तिथलं," ते म्हणाले. "आज. आता पक्का."

वहिनीनं हातातली शिवण पुरी केली, दोरा तोडला, मग वर पाहिलं. मास्तरांना उभं राहवेना. "भीती वाटत होती, ताई. दोन मुली आहेत घरात. तुमचं चालतंय की नाही, काय सांगावं? राग आला असेल तुम्हाला."

"आला ना," वहिनी म्हणाली. "फार आला. भीती मलाही वाटत होती, मास्तर. तुम्ही असतात तर दोघं मिळून भ्यालो असतो."

मास्तर कात्री घेऊन भिंतीकडे गेले. वरच्या खिळ्याला आता खाकी कागदांचा जुडगा टांगलेला होता. बाहीचा कागद सगळ्यात पुढे होता. त्यांनी तो बोटांत धरला, दोन्ही रेघांवरून अंगठा फिरवला.

"बाही कमी घेतलीत?"

"हो. आता बसते."

मास्तरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पाठमोरेच त्यांनी विचारलं, "मग ही कुठे लावू?"

"भागीदारी संपली, मास्तर. काम हवं असेल तर सोमवारी नऊला या. पगार देईन. खिळा दुसरा ठोकू."

त्यांनी कात्री पुन्हा कागदात गुंडाळली. जाताना मला "येतो" म्हणाले. मी चक्क उत्तर दिलं नाही, तेवढं एक बरं केलं.

गुरुवारी दहाला दहा मिनिटं कमी असताना चोवीस कोट स्टोअरच्या टेबलावर होते. मॅडमनी एक घालून पाहिला, हात वर केले, खाली केले. "आधीचे काखेत गोळा व्हायचे," म्हणाल्या, आणि वर्षाच्या कामाचा कागद पुढे सरकवला.

सोमवारी वहिनी साडेआठलाच दुकानात आली. खिळा आणि हातोडी काढून टेबलावर ठेवली. नऊ वाजले, साडेनऊ झाले. मी म्हटलं, "उद्यामास्तर ते, उद्या येतील." ती हसली नाही. तिनं हातोडी फडताळात ठेवून दिली.

"तुला आठवतं," ती म्हणाली, "पहिल्या दिवशी? आधी मी त्यांचा खिळा ठोकला होता गं. ते उंच आहेत ना, हात पोचेल असा." तिचे डोळे भरून आले होते.

मग तिनं तोंडात टाचण्या धरल्या.