मारकी मोटार

आंबवड्याच्या मानसिंगराव इनामदारांची विलायती मोटार अठरा वर्षांची झाली तरी नव्या नवरीसारखी दिसायची, आणि त्याचं कौतुक लोक इनामदारांना सांगत. लोकांच्या बापाचं काय जातंय! पितळ चिंचेने घासायचा सावळाराम, चामड्याच्या गाद्यांना खोबरेल चोळायचा सावळाराम, आणि कुठे ओरखडा उठला की चाबकाने फोडून निघायचाही सावळारामच. पासलीच्या डोंगरातून तो इनामदारांची घोडी राखायला आला होता. घोडी गेली, मोटार आली, तो ड्रायव्हर झाला. चाबूक तेवढा जागेवर राहिला. एकदा मडगार्डला फांदी घासली म्हणून इनामदारांनी त्याचा डावा कान असा फोडला, की पुढे त्या कानाला मोटारीचा भोंगाही ऐकू येईना.

सेहेचाळीस साली इनामदारांनी नवी अमेरिकन गाडी मागवली आणि जुनी विकायला काढली. भोंगवलीचा कुंडलिक पाहायला आला. जन्मभर बैलांचा व्यापार केलेला माणूस. आता त्याला लग्नांच्या वराती मोटारीतून काढायच्या होत्या.

"गाडीसंगं डायवर बी नेतो," तो म्हणाला.

"न्या की," इनामदार म्हणाले.

सावळारामाला हर्ष मावेना. सौदा पटला की या कसायाच्या हातून सुटका! त्याला दुसरं काही नको होतं.

कुंडलिकाने बैल पाहावा तशी मोटार पाहिली. वाकून पोट पाहिलं, चाकांवर थापा मारल्या. बैलबाजारातल्यासारखी रुमालाखाली बोटं दाबून किंमत ठरली. मग त्याने कनवटीची भंडाऱ्याची पुडी सोडली.

"खंडोबाच्या भंडाऱ्याबिगर म्या जनावर घेत न्हाई. त्यो हातावं घिऊन शपथेवर खोड न्हाई म्हना."

"ह्याला विचारा. निगा हाच राखतो," म्हणत इनामदारांनी अंग काढून घेतलं. माणसांना न भिणारा हा इनामदार देवाला मात्र टरकायचा.

सावळारामाने हात पुढे केला. तळहातावर भंडारा पडला.

"विंजन?"

"खणखणीत हाय."

"आन मारकी न्हाई न्हवं? कुनाला मारलं न्हाई ना आजवर?"

बैलवाल्याची सवय, विचारून गेला. सावळारामाची नजर मोटारीच्या पुढच्या जाळीवर गेली. चार वर्षांपूर्वी वेल्ह्याच्या रस्त्यावर इनामदार पिऊन स्वतः मोटार चालवत होते. भिमा धनगराची बायको ठकुबाई मेंढरं आवरत होती, तिला उडवलं. सावळाराम उतरायला गेला तर इनामदारांनी गळा धरून त्याला आत ओढलं आणि मोटार दामटली. बाई कड्यावरून पडली, अशी हूल उठवून दिली. त्या जाळीत अडकलेला तिच्या केसांचा पुंजका सावळारामानेच काढला होता.

"बोल की रे! दातखीळ बसली?" इनामदार गुरगुरले.

एक 'न्हाई' म्हणायचा अवकाश, सुटला असता बिचारा. माणसं भाकरीच्या तुकड्यासाठी खोट्या शपथा खातात!

"मारलीया," तो म्हणाला. "भिमाची ठकुबाई. धनी चालवत व्हते."

कुंडलिकाने रुमाल खांद्यावर टाकला आणि तो चालता झाला. इनामदारांनी मोटार चालू करायचं लोखंडी हँडल उचललं. पहिला घाव तोंडावर बसला, दोन दात मातीत पडले. दुसऱ्याने कोपर मोडलं. सावळाराम कोसळला तेव्हा लाथा सुरू झाल्या. इनामदार थांबले ते दमले म्हणून.

दुसऱ्या दिवशी दुपारी सावळाराम खुरडत वेल्ह्याच्या धनगरवाड्यावर पोचला आणि त्याने भिमाला सगळं सांगितलं.

"चार वरसं गप बसलास?" भिमाने विचारलं.

"व्हय."

भिमाची काठी खांद्यावर बसली, मग बरगडीत, मग मोडक्या कोपरावर. सावळाराम ओरडला, पण त्याने हात आडवा केला नाही. मारता मारता भिमा रडू लागला.

"लगीच गेली का रं ती?"

इथेही खोटं बोलता आलं असतं.

"न्हाई," सावळाराम म्हणाला. "आमी निघालो तवा पानी मागत व्हती."

भिमाने पुन्हा काठी उचलली आणि सावळारामाने मान खाली घातली.