रोझारियो म्हणजे जपमाळे

मी मोहटोला सोडलं त्या सकाळी मोहटोलाही आपली जागा सोडत होतं. गोसीखुर्द धरणाचं पाणी खालच्या धानाच्या बांध्यांपर्यंत आलं होतं. धुक्यात ते दिसत नव्हतं, नुसता त्याचा वास येत होता. गल्लीत ट्रॅक्टर उभे होते. बाबा आणि माझा भाऊ लोखंडी सबलीनं दाराची चौकट भिंतीतून मोकळी करत होते, कारण सागवानाची ती चौकट नव्या गावठाणातल्या घराला लागणार होती. माय छपराचे कवेलू उतरवून एकावर एक रचत होती. मला मडगावच्या एका इस्पितळात नर्सची नोकरी लागली होती आणि नागपूरहून गाडी पकडायची होती. बाबा हातातलं काम सोडून उठले नाहीत. मान वर करून एवढंच म्हणाले, "जाय पोरी. आमी बी जाऊनच रायलो."

नव्या गावठाणात सरळ रस्त्यांवर घरं बांधून राहिलेल्यांनो, आणि पुण्याला, सुरतेला, हैदराबादला पांगलेल्यांनो, हे तुमच्यासाठीच लिहिते आहे. तुम्ही मला बोरकरांची सुनीता म्हणून ओळखता. आता माझं आडनाव रोझारियो आहे. ते आपल्यापर्यंत कसं आलं, ते सांगायचं राहून गेलं होतं.

गोव्यात पहिल्या दिवशीच मला माझ्या जुन्या आडनावानं चकवलं. वॉर्डातल्या म्हाताऱ्या बाईनं माझा बिल्ला वाचला आणि विचारलं, "बोरकर? तूं बोरयेची मगो?" तिकडे बोरी नावाचं गाव आहे आणि तिथले ते बोरकर. मी म्हटलं, नाही, मी भंडाऱ्याची. ती म्हणाली, मग तुमचं बोर कुठलं? मला सांगता येईना. आमच्याकडे जागोजागी बोरगाव. आपले पूर्वज त्यांतल्या कोणत्या बोरगावातून उठून मोहटोल्याला आले, ते बाबांनाही माहीत नव्हतं. ती बाई मांडीचं हाड मोडून बरेच दिवस आमच्याकडे होती. रोज संध्याकाळी ती डोळे मिटून बोटांत माळ फिरवायची. मी औषधं घेऊन उभी राहायचे, ती मणी संपेपर्यंत मला थांबवून ठेवायची. तिला भेटायला तिचा मुलगा यायचा, आग्नेल. जहाजावर स्वयंपाकी. सुट्टीवर आला होता. आईला उचलून खुर्चीत बसवताना तो तिच्याशी इतकं हळू बोलायचा की मला वाटायचं, हा माणूस पाण्यावर राहून राहून असा झाला असेल.

त्याच्याशी लग्न करते म्हणून मी घरी फोन केला. माय रडली. बाबांनी फोन घेतला. मग म्हणाले, "गाव गेलं. आता नाव बी जाऊन रायलं."

लग्नाला कोणी आलं नाही. पुढे मायशी फोनवर बोलणं व्हायचं, बाबा मागे खोकत असायचे. मी उकड्या तांदळाचा भात खायला शिकले, पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा ओळखायला शिकले, तेर्स म्हणायला शिकले. तेर्स म्हणजे रोज सांजेला घरातल्या सगळ्यांनी मिळून केलेला जप. सासूबाई पुढे, आम्ही मागे. दाराबाहेर माड हलत असतात, आणि तेच तेच शब्द म्हणता म्हणता मला पुष्कळदा वाटायचं की मी आपल्या तलावाच्या पाळीवर बसले आहे, पलीकडून बायका धानाच्या रोवण्याची गाणी म्हणत येताहेत, आणि एवढ्यात कोणी हाक मारेल.

या जपाच्याच माळेवरून रोझारियो हे नाव पडलं. सासूबाई सांगतात, फार मागे, पोर्तुगीज पाद्रीनं त्यांच्या मूळ पुरुषाच्या डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी घातलं तो दिवस रुझार सायबिणीच्या फेस्ताचा, म्हणजे सणाचा, होता. रुझार सायबीण म्हणजे जपमाळेची मेरीमाता. त्या दिवशी जे जे पाण्याखालून गेले ते सगळे रोझारियो झाले. त्याचा सख्खा भाऊ दुसऱ्या दिवशी गेला, त्याला दुसरं आडनाव मिळालं. आधी आडनाव काय होतं, गाव कोणतं होतं, ते कोणी जपून ठेवलं नाही. मग हे नाव बोटीवर चढलं. आचारी, वादक, शिंपी यांच्याबरोबर मुंबईला गेलं, कराचीला, नैरोबीला गेलं. आग्नेलच्या जहाजावर एक फिलिपिनो देल रोझारियो आहे आणि इंजिनाच्या खोलीत काम करणारा एक ब्राझीलचा. तिघांचं रक्ताचं काही नातं नाही, तरी एकमेकांना कझिन म्हणतात, आणि फेस्ताच्या दिवशी आग्नेल तिघांसाठी एकाच भांड्यात भात शिजवतो.

लग्नानंतर दोन पावसाळे गेले आणि मायच्या पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं. आग्नेल म्हणाला, मी येतो. मी म्हटलं, तुला दारातूनच परतावं लागलं तर? तो म्हणाला, "वतलों परत. मागीर परत येतलों." परत जाईन, मग पुन्हा येईन.

बाबांनी दारातून परत पाठवलं नाही. पण बोललेही नाहीत. माय दवाखान्यात, मी तिच्याजवळ. घरी ते दोघं आणि भाऊ. आग्नेलनं चूल, गॅस, सगळं ताब्यात घेतलं. गोसीखुर्दची मासळी आणून त्यानं आंबट तिखट कालवण केलं. भाऊ सांगत होता, बाबांनी पहिल्या घासाला तोंड वाकडं केलं आणि मग तिसऱ्यांदा वाढून घेतलं. ताट धुताना त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "तुमच्या आडनावाचा मतलब काय हाये?"

आग्नेलचं मराठी तेव्हा अर्धं होतं. त्यानं आधी रोझ म्हटलं, मग गुलाब, मग हातांनी हार दाखवला. जमेना तेव्हा त्यानं गळ्यातून माळ काढून बाबांच्या ओल्या हातावर ठेवली. बाबांनी एकेक मणी सरकवून पाहिला.

"जप करता?"

"रोज."

"रोज म्हंजे रोज?"

"जहाजार सुद्धा."

माय घरी आली त्या संध्याकाळी अंगणात चार माणसं जमली. शेजारचे सुखदेवकाका मोहटोल्यातही आमचे शेजारी होते, प्लॉटही शेजारचाच मिळाला. त्यांनी सगळ्यांना जे विचारायचं होतं ते विचारलं, "का जी, जवाई कोनते म्हनाचे?" आपल्याकडे आडनाव विचारतात ते माणूस कुठे बसवायचा ते ठरवण्यासाठी. मी आतून पाण्याचे पेले घेऊन येत होते, मधेच थांबले. आग्नेल जमिनीकडे पाहत होता. मायनं खाटेवरून बाबांकडे पाहिलं.

बाबा म्हणाले, "जपमाळे."

"काय?"

"जपमाळे. तिकडच्या भाषेत रोझारियो म्हनतात. त्याहीच्या घरी सांजेले जप केल्याबिगर कोनी जेवत नाही. आपल्या घरी कोन करते? तू करतेस काय?"

सुखदेवकाका हसले आणि आग्नेलकडे सरकून बसले. "या जपमाळेबुवा," म्हणाले, "जहाजावरचं काई सांगा." मी पेले ठेवून पुन्हा आत गेले. मला रडू येत होतं आणि चहा ठेवायचा होता. तेव्हापासून नव्या गावठाणात आग्नेल जपमाळे जवाई आहे. किराणा दुकानदार त्याच नावानं हाक मारतो. आग्नेल आपल्या कझिनांना सांगतो की आमच्या नावाची एक शाखा वैनगंगेच्या काठाला निघाली आहे.

आमची मुलगी रोझी चालायला लागली तेव्हा माय-बाबा गोव्याला आले, चिन्नोर तांदळाची गोणी घेऊन. बाबांनी समुद्र पाहिला. "एवढं पानी," म्हणाले, आणि जरा वेळानं, "याच्याखाली काई नसन ना?" सासूबाईंनी त्यांना चर्च दाखवलं, माडांची बाग दाखवली. एक दिवस बाबांनी त्यांना विचारलं, "बाई, तुमचं मूळचं गाव कोनतं?" मी कोंकणीत सांगितलं. सासूबाईंनी हात हलवला. ना. कोणालाच ठाऊक नाही.

"तुमचं बी बुडालं काय?" बाबांनी इतक्या मायेनं विचारलं की सासूबाईंना मी सांगायच्या आधीच कळलं. त्या संध्याकाळी तेर्साच्या शेवटी, ज्यांच्यासाठी मागणं मागायचं त्यांची नावं घेतात तेव्हा, घरचे मेलेले, आजारी, जहाजावरचे सगळे झाले. मग सासूबाई म्हणाल्या, "मोहटोला गांवा खातीर, एक नमान मोरिये." नमान मोरिये म्हणजे मेरीमातेची प्रार्थना.

बाबा भिंतीला टेकून बसले होते. त्यांना बाकीचं कळत नव्हतं. एवढं एक नाव कळलं. आम्ही सगळे पुढे म्हणत राहिलो आणि ते मान खाली घालून, ओठ न हलवता, शेवटपर्यंत बसले.

ते परत गेले तरी सासूबाईंनी ते नाव सोडलं नाही. रोज घेतात. घर म्हणजे काय असं मला आता कोणी विचारलं तर मी भंडाऱ्याकडे बोट दाखवत नाही आणि मडगावकडेही नाही. जिथं आपल्या गावाचं नाव कोणी तरी संध्याकाळी घेतं, तिथं मी राहते, एवढंच मला सांगता येतं.

परवा रोझीनं आजोबांना व्हिडिओ कॉल लावला. ती आता पाच वर्षांची आहे. तिला सगळे संत तोंडपाठ आहेत, सां जुआंव, सां पेद्रू, सां आंतोन. तिनं विचारलं, "आबा, सां मोहटोला कोण होता?"

मी तिला थांबवणार होते. एवढ्यात पडद्यावर बाबांनी फोन आणखी जवळ धरला.

"होता नाही बेटा," ते म्हणाले. "हाये. पान्यात रायते तो."