पुंजारामभाऊंची बिनसाखळीची गाडी

आमचे शेजारी पुंजारामभाऊ चिकलठाण्याच्या कारखान्यात बत्तीस वर्षं लेथवर होते. केसाएवढा फरक पडला तरी त्यांना जेवण जात नसे. अशा माणसाच्या गाडीखाली दोन वर्षं तेलाचं थारोळं असावं, हे त्यांना फार लागत होतं.

गाडी म्हणजे एकोणीस वर्षांपूर्वी छावणीतल्या लिलावात घेतलेली परदेशी मोटरसायकल. तिला साखळी नाही. इंजिनाची ताकद एका दांड्यातून मागं जाते आणि चाकाजवळच्या गोल डब्यात तेलात बुडालेले दाते चाक फिरवतात. गळत होता तो हाच डबा. तेल कमी झालं की दाते ओरडत, भाऊंनी तेल भरलं की ते अंगणात येई. त्याखाली आधी भाऊंच्या बायकोची, सरूबाईंची परात गेली, मग पितळी ताट.

राखीला गंगापूरहून सरूबाईंचे भाऊ काकासाहेब पांढराशुभ्र पायजमा घालून आले आणि अंगणात पाय घसरून थेट तेलात बसले.

"दसऱ्यापर्यंत अंगण कोरडं झालं नाय, तर ही भंगारात," सरूबाई म्हणाल्या. "हातगाडीवाल्याला मीच हाक मारीन."

सरूबाई बोलल्या की करतात. भाऊंची तंबाखू अशीच सुटली होती.

औरंगपुऱ्याच्या एका गल्लीतल्या गॅरेजवाल्या उस्तादनं डब्याचं सील तीनदा बदललं. तरी थेंब पडतच होते. दसऱ्याला पंधरा दिवस उरले तेव्हा भाऊंनी मला मागं बसवलं. "गुरुजी, तिसऱ्या गिअरात नीट ऐका."

मी ऐकलं. मास्तर बाहेर गेल्यावर वर्ग पाढे म्हणतो, तसा आवाज होता. सूर सगळ्यांचा एक, आकडा एकाचाही बरोबर नाही.

तसेच आम्ही उस्तादकडे गेलो. या वेळी त्यानं डबा उघडलाच नाही. रॉकेलच्या फडक्यानं त्याचा माथा पुसला. तिथं एक लहानसं बोंड होतं. ते पिनेनं खरवडलं तर लाल खपली निघाली.

"चाचा, ये क्या लगाए? इसका दम घुट रा! सील बिचारा क्या करेगा?"

त्यानं तार घातली. आतून "फुस्स" झालं. डबा तापला की आतली हवा त्या बोंडाच्या भोकातून बाहेर पडायला हवी. भोक बुजलं होतं, म्हणून हवा तेलालाच बाहेर ढकलत होती.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. डबा पिंडीसारखा दिसतो म्हणून दर दसऱ्याला सरूबाई त्याच बोंडाला ओलं हळदकुंकू लावत. अठरा दसऱ्यांचे थर होते ते.

"घरी सांगणार?" मी विचारलं.

"भोक बुजलं व्हतं, एवढं सांगतो. कशानं, ते नाय. खरं सांगितलं तर गाडी वाचंल, असं वाटतं का तुमाला?"

पुढचे दिवस सरूबाई रोज सकाळी गाडीखालच्या फरशीवर पांढरं फडकं फिरवून पाहत. फडकं पांढरंच राहिलं. आवाजही गेला. हातगाडीवाल्याला कुणी हाक मारली नाही.

दसऱ्याला मी आपट्याची पानं द्यायला गेलो तेव्हा पूजा चालू होती. हँडल झालं, दिवा झाला. सरूबाई ताट घेऊन मागं आल्या, तर भाऊ बोंडावर अंगठा दाबून उभे.

"अंगठा काढा की."

"चटका बसंल तुला. गरम हाय."

"कालपासून जाग्यावर हाय. गरम कशानं व्हईल?"

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी झेंडूच्या माळेकडे पाहिलं. सरूबाईंनी अंगठ्याकडे पाहिलं, मग आपल्या कुंकवाच्या बोटाकडे.

"म्हंजी काकासाहेबाला मीच पाडलं व्हय?"

"त्याला सांगू नको," भाऊ म्हणाले.

सरूबाईंनी भाऊंच्या अंगठ्यालाच हळद लावली, कुंकू लावलं, वर अक्षता टाकल्या आणि ओवाळलं. ताट आत जाईपर्यंत भाऊंनी अंगठा हलवला नाही.