फियाटची दुसरी किल्ली

यशोधन दाणींनी बनवलेली गाडी पहिल्यांदा बघणारा माणूस वाकून तिच्या खिडकीतून आत डोकावतोच. गाडी असते वीतभर लांब, पण आत सीटवर शिवण दिसते आणि आरशाला काच असते. सिंचन खात्यात नकाशे काढण्यात त्यांची सारी नोकरी गेली. निवृत्तीनंतर लोक तीर्थयात्रेला निघतात, हा गृहस्थ ब्राह्मणपारा नावाच्या मोहल्ल्यातल्या घराच्या पुढच्या खोलीत पत्रा कापत बसला. अँबेसेडर, जीप, मेटॅडोर, एक जुनी एसटीसारखी लाल बससुद्धा. कपाटात एकोणीस गाड्या होत्या. फियाट मात्र नव्हती.

"दाणी, तुमच्या वडिलांची तर फियाट होती ना?" येणारा जाणारा विचारायचा.

"माप नाही मिळून राहिलं," यशोधन म्हणायचे आणि ब्रश धुवायला आत जायचे. माप त्यांना डोळे मिटूनही सांगता आलं असतं.

त्या फियाटची गोष्ट अशी. गाडी वडिलांची, वासुदेवरावांची. रंग कबुतरी. दर रविवारी सकाळी गल्लीच्या तोंडावरच्या गॅरेजमधून इंद्रजीत मिस्त्री यायचा, प्लग साफ करायचा, तेल बघायचा आणि तेलीबांधा तलावापर्यंत गाडी फिरवून आणायचा. म्हणून दुसरी किल्ली कायम त्याच्याकडे. घरच्या सुनेलाही एवढा मान नव्हता. "गाडी अन् माणूस," वासुदेवराव म्हणायचे, "हफ्त्यातून एकदा फिरवलं नाही तर जाम होते." इंद्रजीत छत्तीसगढी माणूस, पण तीस वर्षं या पाऱ्यात राहून आमच्याइतकंच मराठी बोलायचा, आणि आमच्याइतकंच मोडकं.

अठरा वर्षांपूर्वी यशोधनला नवी गाडी घ्यायची होती. दारापुढे जागा एकाच गाडीची. वडिलांना दोनदा विचारून झालं. "मी मेल्यावर काढ," असं उत्तर दोनदा मिळालं. मग मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी वासुदेवराव तीन आठवडे नागपूरला मुलीकडे गेले आणि यशोधनने तिसऱ्यांदा कुणालाच विचारलं नाही. बाबा परतायच्या आठवड्यात, एका दुपारी, गल्ली जेवून आडवी झालेली असताना, भनपुरीचा कबाडी, म्हणजे भंगारवाला, आला आणि फियाट ओढून घेऊन गेला. "गाडी कशी आहे रे?" बाबा फोनवर विचारत. "ठीक आहे," पोरगा सांगे.

बाबा परत आले तेव्हा त्या जागी नवी गाडी उभी होती. यशोधनच्या तोंडून निघालं, "चोरीले गेली, बाबा. रिपोर्ट दिली आहे." रिपोर्ट कसली न् काय. पंचेचाळीस वर्षांचा बाप्या, शाळेतल्या पोट्ट्यासारखा खोटं बोलून मोकळा झाला.

वासुदेवराव पायरीवर बसले. मग म्हणाले, "काच फुटली नाही, कुलूप तुटलं नाही. दुसरी किल्ली कोणाजवळ आहे?"

बोलायची वेळ होती ती हीच. यशोधन मूग गिळून बसला.

पुढच्या रविवारी इंद्रजीत नेहमीसारखा आला. वासुदेवरावांनी नुसता हात पुढे केला. "किल्ली दे." त्याने किल्ली हातावर ठेवली, पायरीला हात लावून नमस्कार केला आणि एक शब्द न बोलता गेला. यशोधन खिडकीच्या आत उभा होता. गोष्ट पाराभर व्हायला दोन दिवस लागले नाहीत. लोक आपापल्या गाड्या दुसरीकडे नेऊ लागले. वर्षभरात इंद्रजीतने गॅरेज उचललं आणि शहराबाहेर बीरगांवला नेलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. आणि इथे तर चोर त्याच फाशीच्या सावलीत गाडी लावत होता. वासुदेवराव बारा वर्षं पुढे जगले. इंद्रजीतचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही.

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली आणि नागपूरहून सरोजिनीताईचा, मोठ्या बहिणीचा फोन आला. "दुनियेच्या गाड्या बनवून राहिला, बाबांची काहून नाही बनवत? मले पाहिजे. छोटीशीच तर आहे." ताईला नाही म्हणायची यशोधनची टाप नव्हती. तीन महिने ते खपले. बाहेरून गाडी हुबेहूब उतरली. पण फोटो एकच होता, बाबा समोर उभे असलेला. डॅशबोर्ड कसा होता, खालून पत्रा कुठे जोडला होता, हे या हाताने कधी शिवलंच नव्हतं. ते सांगणारा माणूस जगात एकच होता.

"मग त्यालेच विचार," ताई म्हणाली. "चोरलेली गाडी त्याच्या ध्यानात असणारच." यावर यशोधन हसले. हसले, आणि त्या हसण्याची त्यांना बीरगांवपर्यंत रस्ताभर किळस येत राहिली.

इंद्रजीत सत्तरीला आलेला, वाकलेला. छोट्याशा शेडमध्ये तो एका मोटरसायकलचं चाक काढत होता. "यशो भैया!" त्याने लगेच ओळखलं आणि फडक्याने स्टूल पुसलं. रागाचा एक शब्द जरी बोलला असता तरी यशोधनला बरं वाटलं असतं. इंद्रजीतने हात धुतले, दोनदा, साबण लावून, आणि मगच यशोधनने सोबत आणलेलं मॉडेल हातात घेतलं.

"हव, हीच आहे. साहबची गाडी." त्याने डॅशबोर्ड सांगितला. घड्याळ बंद होतं, तिथे त्यानेच पितळेची चकती बसवली होती. गिअरच्या दांड्याची मूठ त्याने बीजाच्या झाडाच्या टणक लाकडाची करून दिली होती. यशोधन वहीत लिहून घेत होते. नकाशेवाल्या माणसाचा हात चालत होता, मान वर होत नव्हती.

"अन् खालून लाल प्रायमर मारा भैया. वरून कबुतरी, आत लाल. कटर चालला तेव्हा लालच निघाला होता."

पेन थांबलं.

"तुम्ही पाहिली?"

"भनपुरीले टायर घ्यायले गेलो होतो." इंद्रजीत मॉडेलच्या चाकाकडेच बघत होता. "अर्धी कटली होती. कबाड्याने सांगितलं कोणाच्या घरून आणली."

"किल्ली द्यायच्या आधी?"

"चार दिवस आधी."

"मग बाबांना सांगितलं काहून नाही?" यशोधनचा आवाज फाटला.

"गाडी तर गेलीच होती. सांगितलं असतं तर साहबचा पोट्टाबी गेला असता. मिस्त्री दुसरा भेटते, भैया."

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं पूर्वीच्या बायका म्हणायच्या. साठी उलटलेल्या यशोधनला बीरगांवच्या त्या तेलकट फरशीकडे बघून नेमकं तेच वाटलं. आणि नेमका फोन वाजला. ताईचा. मॉडेल पुन्हा त्यांच्या हातात आलेलं, म्हणून त्यांनी फोन स्टुलावर ठेवून स्पीकर लावला, आणि हीसुद्धा त्यांचीच अक्कल.

"काय रे, सांगितलं का काही त्या चोरानं?"

"हो, सांगितलं," यशोधन म्हणून गेले. सवयीचं तोंड, दुसरं काय. इंद्रजीतने पाठ वळवली आणि पाना पुसायला घेतला. पाना स्वच्छच होता.

"ताई, ऐक," यशोधन म्हणाले. "त्याले चोर नको म्हणू. गाडी मी विकली. भनपुरीले. बाबांशी खोटं मी बोललो."

ताईचा आवाज आला, एकदम बारीक.

"शेवटच्या हफ्त्यात दवाखान्यात बाबा दोनदा म्हणाले होते. इंद्रजीतले बोलवा, मले त्याची माफी मागाची आहे. मीच म्हटलं, चोराची कसली माफी मागता. पाणी पाजलं अन् झोपवलं त्यांना."

यशोधनने फोन बंद करायला हात नेला, पण उशीर झाला होता. इंद्रजीत वळला होता. पाना त्याच्या हातात तसाच होता. अठरा वर्षांत ज्याने कुणाला काही विचारलं नव्हतं त्याने विचारलं,

"साहबने मले बोलावलं होतं?"

"हो," यशोधन म्हणाले. "दोनदा."