सत्यभामाबाईंची खुली मौखिकी

दौलताबादच्या जिल्हा परिषद शाळेत चौथीला शिकवणाऱ्या सत्यभामा साळवे यांना पीएच.डी. करायची हुक्की आली ती पन्नाशीच्या उंबरठ्यावर, आणि तीही सीताफळवाल्या बायकांमुळे. शाळा सुटली की पडेगावला घरी जायला त्या घाटाच्या रस्त्यावर रिक्षाची वाट बघत उभ्या राहायच्या. तिथंच ओळीनं पाट्या मांडून या बायका बसलेल्या असायच्या. वेरूळकडं निघालेल्या गाड्या थांबायच्या, काचा खाली व्हायच्या, आणि मग जे बोलणं सुरू व्हायचं ते ऐकण्यात बाईंच्या रिक्षा निघून जायच्या. एकाच गिऱ्हाइकाला एकाच दमात दादा, साहेब, लेकरा आणि परत साहेब कसं म्हणतात, 'आता शेवटचं सांगते' हे शेवटचं कधीच कसं नसतं, याचं त्यांना भारी नवल वाटे. घरी उशिरा गेल्यावर त्या नवऱ्याला, काकासाहेबांना, सगळं आवाजासकट करून दाखवत. काकासाहेब एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, शांत माणूस. एक दिवस ते म्हणाले, एवढं ऐकतेसच तर लिहून तरी काढ.

बाईंनी ते मनावर घेतलं. प्रवेश परीक्षा दिली, विद्यापीठाच्या मराठी विभागात नाव नोंदवलं, आणि 'दौलताबाद परिसरातील सीताफळ विक्रेत्या स्त्रियांची सौद्याची भाषा' असा विषय घेतला. समितीतल्या एकानं विचारलं, यात वाङ्मय कुठं आहे? बाई म्हणाल्या, तुम्ही एकदा भाव करून बघा सर. समिती हसली आणि विषय मंजूर झाला.

सुरुवातीला बायकांना वाटलं, ही अतिक्रमणवाल्यांची माणूस आहे. मग वाटलं, टीव्हीवाली. कडूबाई नावाची एक साठीची बाई त्या ओळीची पुढारी होती. 'नाव कडू, माल गोड' हे तिचं गिऱ्हाइकाला पहिलं वाक्य. तिनं सत्यभामाबाईंना खरं काय ते विचारलं आणि उत्तर ऐकून घेतलं. आमच्या बोलण्यावर शिकून तुम्ही डॉक्टर होणार, आणि आम्ही बोलून बोलून अजून इथंच, असं काहीसं तिच्या मनात आलं असावं. पण ती एवढंच म्हणाली, "बसा मग. पण उनात नका बसू, गिऱ्हाईक बिचकतं."

तेव्हापासून दर हंगामात बाई त्यांच्यात बसल्या. प्रबंध लिहून झाला, मार्गदर्शक इंद्रजीत मगरे सरांनी वाचला, आवडला. आता फक्त सादर करायचा होता. फक्त.

नियम असा होता, की प्रबंध आधी यंत्रात घालायचा. दुसऱ्या कुणाच्या लिखाणाशी त्याचं साम्य निघतं का, ते यंत्र सांगतं. बाईंना त्याची काळजी नव्हती. निम्मा प्रबंध घाटातल्या रस्त्यावर जन्मलेला, त्याच्याशी जगात कशाचं साम्य निघणार? आणि तसंच झालं. सबंध जाडजूड प्रबंधात यंत्राला काही सापडलं नाही. एकच पान तेवढं वरपासून खालपर्यंत लाल होऊन आलं. ते पहिलं पान होतं. त्यावर लिहिलं होतं, 'मी प्रतिज्ञापूर्वक नमूद करते की, सदर प्रबंध हे माझे स्वतःचे मूळ संशोधन असून ते अन्य कोठूनही घेतलेले नाही.' यंत्राच्या मते हा मजकूर शब्दशः चोरलेला होता.

पीएच.डी. विभागात सरिता नावाची कारकून बसे. कामात चोख, बोलायला गोड. तिनं सांगितलं, की सबंध पान लाल आलं तर प्रबंध पुढं सरकत नाही. बाई म्हणाल्या, अहो, हे वाक्य विद्यापीठानंच दिलंय, हेच छापा म्हणून.

"ते खरंय मॅडम," सरिता म्हणाली, "पण यंत्राला विद्यापीठ ओळखू येत नाही."

उपाय म्हणून तिनंच सुचवलं, की प्रतिज्ञा स्वतःच्या शब्दांत लिहा. बाईंनी घरी जाऊन लिहिली: 'हा प्रबंध मी लिहिला. रस्त्याच्या कडेला बसून लिहिला. कुणाचं काही उचललेलं नाही.' यंत्र एकदम खूश झालं, पान हिरवंगार आलं. पण शेजारच्या टेबलावर छाननी होती. तिथल्या गृहस्थांनी पहिलंच पान उघडलं आणि मिटलं. प्रतिज्ञा विहित नमुन्यात नाही, म्हणाले. नमुन्यात एका वेलांटीचाही फरक चालत नाही. बाईंनी पान बदललं. पान लाल झालं. पुन्हा बदललं, हिरवं झालं आणि परत आलं. पडेगाव ते विद्यापीठ हा रस्ता काकासाहेबांच्या स्कूटरला पाठ झाला.

शेवटी मगरे सरांनी युक्ती काढली. अवतरण चिन्हात घातलेला मजकूर यंत्र धरत नाही. तेव्हा प्रतिज्ञा अवतरणात घालायची. पण अवतरण आलं की संदर्भ द्यावा लागतो, म्हणून खाली तळटीप द्यायची: विद्यापीठ नियमावली, अमुक परिशिष्ट. तसं केल्यावर दोन्ही टेबलं समाधान पावली. काकासाहेबांनी ते पान चष्मा लावून वाचलं.

"म्हणजे हे तुझं स्वतःचं आहे, असं म्हणतंय कोण?"

"नियमावली म्हणते," बाई म्हणाल्या. आणि मग दोघंही पोट धरून हसली, कारण रडण्यात काही अर्थ नव्हता.

प्रबंध बाहेरच्या परीक्षकांकडं गेला. पुष्कळ दिवसांनी अहवाल आले. एकानं तीन ओळींत चांगलं म्हटलं. दुसऱ्यानं पानंच्या पानं भरून काढली होती. तोंडी परीक्षा घ्यायला हेच दुसरे यायचे होते. आणि त्यांना सवड होती ती नेमकी दिवाळीच्या सुटीत, कारण घरच्यांना वेरूळ दाखवायचं राहिलं होतं.

सरितानं नियम वाचून दाखवला. मौखिकी खुली असते. नोटीस लावायची, आणि 'विषयाशी संबंधित जिज्ञासूंनी' हजर राहायचं. खोली भरलेली दिसली पाहिजे, उपस्थितांच्या सह्या पाहिजेत. नातेवाईक चालत नाहीत. आणि जो सही करेल त्यानं शेवटपर्यंत बसायचं. मधूनच उठला तर सही बाद, आणि परीक्षाही. दिवाळीच्या सुटीत विद्यापीठात झाडांखेरीज कुणी नव्हतं. मुलं गावाला गेलेली, प्राध्यापक फोन उचलेनात.

विषयाशी संबंधित माणसं कोण, हे सत्यभामाबाईंना चांगलं ठाऊक होतं. पण ऐन हंगामात त्यांना धंदा सोडून या म्हणायची जीभ रेटेना. दोन दिवस त्या नुसत्याच जाऊन बसल्या. तिसऱ्या दिवशी कडूबाईनंच त्यांच्या तोंडाकडं बघून काय झालं ते काढून घेतलं.

"एवढंच व्हय? नुसतं बसायचंच तर हाये. येतो की आम्ही."

त्या टेम्पो करून आल्या, आणि पाट्यांसकट आल्या. माल घाटात सोडला असता तर वानरांनी फस्त केला असता. दाराशी सरिता पाट्या बघून थबकली. नियमावलीत पाट्यांबद्दल काही नव्हतं, म्हणून तिनं त्या आत जाऊ दिल्या आणि सह्या-अंगठे घेताना प्रत्येकीला बजावलं, की शेवटपर्यंत जागचं हलायचं नाही. सभागृहात पिकल्या सीताफळांचा वास भरला. परीक्षक आले, समोर बघून क्षणभर घोटाळले, मग बसले. उंच, शिडशिडीत, चष्मा नाकाच्या टोकावर.

सत्यभामाबाई बोलल्या. सुरुवातीला कागदात बघून, पण मग चौथीच्या वर्गापुढं बोलतात तशा बोलत गेल्या. परीक्षकांनी सैद्धांतिक चौकटीबद्दल विचारलं, तिथं त्या अडखळल्या. त्यांनी पुन्हा तेच विचारलं, त्या पुन्हा अडखळल्या. मागं बायकांची चुळबुळ झाली. मग नियमाप्रमाणं मगरे सरांनी उपस्थितांना विचारलं, कुणाला काही प्रश्न? गोजरबाई नावाची एकजण उठली आणि हे साहेब जाताना फळं घेणार आहेत का, एवढंच विचारून बसली. सरांनी प्रश्नाची नोंद घेतली.

मग उमेदवारानं बाहेर जायचं. बाई बाहेर गेल्या, दार लागलं. खरं तर निर्णयाच्या वेळी श्रोत्यांनीही बाहेर जायचं असतं. मगरे सरांनी तसं दोनदा सांगितलं. पण बायकांना सरितानं जागचं हलू नका म्हणून बजावलेलं, आणि परीक्षा बाद करायला त्यांच्यातली एकही तयार नव्हती. त्या हलल्या नाहीत. शेवटी परीक्षकांनी हात झटकून बोलायला सुरुवात केली.

दाराला कान लावायचा नाही, असं बाईंनी ठरवलं होतं. पण दार जुनं होतं, ऐकू येतच होतं. परीक्षक म्हणाले, दोन प्रकरणं नव्यानं लिहावी लागतील, सहा महिन्यांची मुदत द्या. आणखी सहा महिने, पुन्हा यंत्र, पुन्हा ते लाल पान. त्या तिथल्या बाकावर बसल्या. आणि आतून कडूबाईचा आवाज आला.

"दोन लई होतेत साहेब."

परीक्षक म्हणाले, आपण मध्ये बोलू नये. कडूबाई म्हणाली, मध्ये नाय, शेवटीच बोलते. दोन लई होतेत. वाजवी सांगा. परीक्षकांनी तिला समजावून सांगितलं, की हा काही सौदा नव्हे, चौकट कच्ची आहे. कडूबाईनं कच्चं मान्य केलं. कच्चं हाये, पण उद्या पिकंल, म्हणाली. कच्च्याचा भाव कच्च्यासारखा लावा. परीक्षक म्हणाले, बरं, एक प्रकरण. पण एक तरी लिहावंच लागेल.

बाहेर बाकावर सत्यभामाबाई ताठ झाल्या. त्यांच्या प्रबंधात या जागेला नाव होतं. गिऱ्हाइकानं पहिला आकडा सोडला की दुसराही टिकत नाही. आत आता सगळ्याच जणी एकदम बोलत होत्या. कुणी लेकरा म्हणत होतं, कुणी साहेब. गोजरबाई म्हणत होती, बाईच्या पायाला भवऱ्या पडल्या, लांबून आलात, पुण्य घ्या. मग खुर्ची सरकल्याचा मोठा आवाज झाला. परीक्षक उठले होते. मी असा जाऊ शकतो, अहवाल मी डाकेनं पाठवीन, म्हणाले.

दुसरी कुणी उमेदवार असती तर तिला घेरी आली असती. बाई मात्र पावलं ऐकत राहिल्या. पावलं दारापर्यंत आली. तिथं थांबली.

"या, या," कडूबाईचा आवाज अगदी शांत होता. "शेवटचं बोला, काय घेता?"

दाराच्या पलीकडून परीक्षक म्हणाले, एक तक्ता आणि पाच पानं. महिनाभराची मुदत.

"दिलं," कडूबाई म्हणाली.

दार उघडलं तेव्हा परीक्षकांच्या हातात एक फोडलेलं सीताफळ होतं आणि बिया कुठं टाकाव्यात ते त्यांना समजत नव्हतं. मगरे सर घामानं भिजले होते. त्यांनी बाईंना आत बोलावून निकाल वाचला. पदवीची शिफारस, किरकोळ दुरुस्त्यांसह. बाईंना काय वाटलं ते त्यांना नीट सांगता येत नाही. रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. त्यांनी कुणाची तरी पाटी उचलून डोक्यावर द्यायला मदत केली.

परीक्षकांनी सगळ्यांत मोठी पाटी घेतली, भाव न करता. ती फळं वेरूळला घरच्यांबरोबर खाल्ली असतील.

पाच पानं महिन्याच्या आत गेली. पुढं अधिसूचना निघायला बराच काळ लागला, कारण उपस्थितीच्या कागदावर अंगठे जास्त आणि सह्या कमी होत्या, आणि अंगठा लावणाऱ्याला जिज्ञासू धरायचं की नाही यावर दोन टेबलांचं एकमत होईना. शेवटी धरायचं ठरलं. उन्हाळ्यात बाईंच्या नावामागं डॉक्टर लागलं. मुख्याध्यापकांनी सत्कार केला आणि त्याच दुपारी त्यांना मतदार यादीचं काम दिलं.

दौलताबादच्या रस्त्यावर बाई अजूनही थांबतात. कडूबाई त्यांना सावलीत जागा करून देते. गिऱ्हाईक नसलं की विषय तिकडंच जातो, आणि तिच्या मनातली खंत बाहेर पडते.

"आपण लवकर सोडलं बाई. तो माणूस दारात थांबला व्हता. अजून दोन पानं उतरला असता."