अकरा एकांची संख्या

कुणाचीही ओळख झाली की भागाकारकाका आधी घराचा नंबर विचारत आणि त्याला कशाकशानं भाग जातो ते सांगून मोकळे होत. नाव मागाहून विचारत. माझ्या घराला फक्त तेरानं भाग जातो, हे मला अमेरिकेतल्या नेपरव्हिलमध्ये दोन वर्षं राहून ठाऊक नव्हतं.

काका म्हणजे माझ्या ऑफिसातल्या मंदारचे वडील. अमरावतीच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलेले. २००५च्या हिवाळ्यात ते मुलाकडे आले आणि बाहेर गुडघाभर बर्फ असताना स्वयंपाकघरातल्या टेबलाशी एक वही घेऊन बसले. अकरा वेळा एक लिहून होणारी संख्या मूळ आहे की तिला कशानं भाग जातो, हे त्यांना हातानं शोधायचं होतं. ‘‘बाविसानं भागून एक उरतो, अशाच मूळ संख्या हिला भागू शकतात. बाकीच्यांनी दारसुद्धा वाजवायचं नाही,’’ ते म्हणत. तरी हजारभर भागाकार होते. रोज चार व्हायचे.

‘‘बाबा, कॉम्प्युटर एका सेकंदात सांगेल,’’ मंदार म्हणाला.

‘‘त्याला येतं हे माहीत आहे रे. मला येतं का, ते बघतोय.’’

आदल्या वर्षी काकांना अर्धांगाचा सौम्य झटका आला होता. हातपाय सुधारले, पण एकदा ते स्वतःच्या शाळेतून घरी यायची वाट चुकले. तेव्हापासून त्यांचा स्वतःच्या डोक्यावरचा विश्वास उडाला होता.

मला राहवेना. ऑफिसात चार ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. उत्तर आलं, २१६४९नं भाग जातो. शनिवारी गेलो, तर काका बावीस हजारांच्या पुढे पोचलेले. मागच्या पानावर २१६४९ होता, बाकी काढून खोडलेला. मी चहा प्यायलो, हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि घरी आलो. आजारी माणसाला कसं सांगायचं?

पुढच्या शनिवारी धीर करून खोडलेल्या २१६४९वर बोट ठेवलं आणि म्हणालो, ‘‘काका, हा एक मी करून बघू?’’ त्यांनी पेन दिलं. शेवटी बाकी शून्य उरली. काकांनी चष्मा लावून स्वतःचं पान ओळीओळीनं तपासलं.

‘‘तिनानं गुणताना हातचा एक राहिला,’’ ते म्हणाले आणि चक्क हसले. ‘‘चूक सापडली म्हणजे डोकं आहे अजून जागेवर.’’ मग माझ्याकडे बघून म्हणाले, ‘‘तुला कधीपासून ठाऊक होतं?’’

‘‘आठ दिवस.’’

‘‘गप्प का बसलास? या घरात मी काहीही बोललो तरी सगळे हो म्हणतात. मला कळायचं कसं?’’

भागाकारात आलेला दुसरा विभाजक ५१३२३९ मूळ आहे का, हे त्यांनी तिथेच करायला घेतलं. त्याला बाराच भागाकार लागले. दोनदा ते चुकले, दोन्ही वेळा मी लगेच सांगितलं. मान वर न करता त्यांनी खोडलं आणि पुन्हा केलं. संख्या मूळ निघाली. त्या दुपारी काकांनी दोन वाट्या शिरा खाल्ला.

मार्चमध्ये ते परत गेले. पुढच्या हिवाळ्यात मंदार अमरावतीला जाऊन आला, तेव्हा काकांना त्याचं नावही आठवत नव्हतं. त्यांच्याजवळ चांगले दिवस थोडेच उरले होते. त्यातले आठ मी भिडेपोटी वाया घालवले.